अतिशय कमी व्होल्टेज वाढवणारे सर्किट कसे रचावे: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

तापमानातील फरकावर वीज देणारे मॉड्यूल, एकच सोलर सेल किंवा सूक्ष्मजीवांवर चालणारा इंधन सेल यांपैकी कशावरही एखादा सेन्सर चालवायचा ठरवले, की अडचण एकाच जागी येते. स्रोताकडून मिळतात काही मिलिव्होल्ट, फार तर अर्धा व्होल्ट. आणि मायक्रोकंट्रोलरला लागतात दोन ते तीन व्होल्ट. बूस्ट कन्व्हर्टरचे (इंडक्टर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह स्विचने वारंवार जोडून-तोडून व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटचे) पाठ्यपुस्तकातले सूत्र हाती असले की काम भागेल असे वाटते, परंतु या पातळीवर खरी झुंज दोन वेगळ्याच गोष्टींशी असते: प्रवाहाच्या वाटेत येणारा प्रत्येक लहानसा रोध, आणि सर्किट मुळात सुरू करणे. या दोन्ही गोष्टींचा हिशेब आधी केला, तर उरलेली रचना बरीच सोपी होते. म्हणून पुढील पायऱ्याही त्याच क्रमाने दिल्या आहेत.

हे सर्किट व्होल्टेज वाढवते, शक्ती वाढवत नाही. स्रोत एक मिलिवॉट देत असेल, तर वरच्या बाजूला (आउटपुटला) एक मिलिवॉटपेक्षा कमीच मिळणार, मग आयसी (अनेक घटक एकत्र असलेली चिप) कितीही महागडी का असेना. हे सुरुवातीलाच मनात पक्के असू द्यावे.

जवळ काय असावे

– मिलिव्होल्टचा दहावा भाग दाखवणारा मल्टिमीटर, आणि शक्य असल्यास असे दोन मल्टिमीटर.
– ऑसिलोस्कोप. साधा, जुना असला तरी चालतो. पण तो नसेल तर दोलन (सर्किटचे आपोआप वारंवार चालू-बंद होणे) सुरू आहे की नाही हे अंदाजानेच ठरवावे लागते.
– व्होल्टेज बदलता येणारा पॉवर सप्लाय.
– १ ओहमपासून १०० ओहमपर्यंतचे काही रेझिस्टर, शिवाय मोजमापासाठी ०.१ ओहमचा एक अचूक रेझिस्टर.
– फेराइट रिंग, इनॅमलची तार, काही शॉट्की डायोड, आणि निवडलेल्या मार्गाप्रमाणे ट्रान्झिस्टर किंवा आयसी.
– निवडलेल्या प्रत्येक घटकाची डेटाशीट, म्हणजे उत्पादकाची माहितीपत्रिका. तिच्या पहिल्या पानावरचे ठळक आकडे नव्हे, तर आतले आलेख आणि तक्ते इथे उपयोगी पडतात.

१. आधी स्रोत मोजा

स्रोताचे दोन आकडे लागतात: टोके मोकळी असतानाचे व्होल्टेज आणि अंतर्गत रोध. पहिला आकडा मल्टिमीटर थेट देतो. दुसऱ्यासाठी स्रोताला निरनिराळे रेझिस्टर जोडून पाहावेत. ज्या रेझिस्टरवर व्होल्टेज मोकळ्या टोकांच्या बरोबर निम्मे होते, तेवढाच स्रोताचा अंतर्गत रोध. स्रोताकडून जास्तीत जास्त शक्तीही त्याच बिंदूवर मिळते, आणि ती मोकळ्या व्होल्टेजच्या वर्गाला अंतर्गत रोधाच्या चौपटीने भागले असता येते.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या ४० मिलिमीटर चौरस थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूलमध्ये बहुधा अर्धवाहकाच्या १२७ जोड्या असतात. बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाची एक जोडी दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ मिलिव्होल्ट देते, म्हणजे संपूर्ण मॉड्यूल अंशाला सुमारे ५० मिलिव्होल्ट देते. दोन्ही पृष्ठभागांत २ अंशांचा फरक राहिला, तर मोकळ्या टोकांवर ०.१ व्होल्ट मिळतील. अंतर्गत रोध २ ओहम धरला तर जास्तीत जास्त शक्ती १.२५ मिलिवॉट, तीही ५० मिलिव्होल्ट आणि २५ मिलिअँपिअर या स्थितीत. सर्किटला काम करायचे आहे ते या ५० मिलिव्होल्टवर, ०.१ व्होल्टवर नव्हे. पुष्कळ आराखडे नेमके इथेच चुकतात, कारण ते मोकळ्या टोकांवरचा आकडा धरून आखलेले असतात.

थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल मोजताना घाई करू नये. भार जोडल्यावर प्रवाह वाहू लागतो, आणि पेल्टिअर परिणामामुळे तो स्वतःच उष्णता एका बाजूकडून दुसरीकडे नेऊ लागतो. त्यामुळे दोन पृष्ठभागांतील फरक हळूहळू घटतो आणि व्होल्टेजही काही वेळ खाली सरकत राहते. भार काढला की ते एकदम वर उडी घेते आणि मग पुन्हा सावकाश चढते. आकडा स्थिरावेपर्यंत थांबून घेतलेली नोंदच रचनेसाठी धरावी. त्याचप्रमाणे, गरम वस्तू आणि हवा यांत १० अंशांचा फरक आहे म्हणून मॉड्यूलवरही १० अंश मिळतील असे मानू नये. थंड बाजूचा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) लहान असेल तर बहुतेक फरक हीटसिंक आणि हवा यांच्यामध्येच संपतो, आणि मॉड्यूलच्या वाट्याला दोन-तीन अंश येतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की सर्किटवर आठवडा घालवण्याआधी हीटसिंक सुधारावा. मॉड्यूलवरचा फरक दुप्पट झाला तर शक्ती चौपट होते. एवढा लाभ कोणतीही आयसी बदलून मिळत नाही.

सोलर सेलचे वर्तन असे सरळ रेषेत नसते. एका सिलिकॉन सेलची टोके मोकळी असताना चांगल्या उन्हात सुमारे ०.६ व्होल्ट मिळतात, आणि सर्वाधिक शक्ती त्याच्या तीन-चतुर्थांशाच्या जरा वर मिळते, निम्म्यावर नव्हे. तिथे अनेक भारांवर मोजमाप घेऊन आलेखच काढावा.

२. भाराचा हिशेब मांडा

भार सतत चालू राहणार आहे की अधूनमधून, हे आधी ठरवावे. समजा, सेन्सर वाचून रेडिओवरून संदेश पाठवायला ३ व्होल्टवर २० मिलिअँपिअर आणि ५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका संदेशाला ३ मिलिज्यूल ऊर्जा. आपला स्रोत १.२५ मिलिवॉट देतो आणि सर्किटची कार्यक्षमता सावधपणे ३० टक्के धरली, तर हाती साधारण ०.३७ मिलिवॉट उरतात. म्हणजे एका संदेशापुरती ऊर्जा साठायला सुमारे ८ सेकंद लागतील. मिनिटाला एक संदेश पाठवायचा असेल तर पुरेशी मोकळीक आहे. सेकंदाला एक हवा असेल, तर हा स्रोत चालणार नाही आणि पुढची पायरी चढण्यात अर्थ नाही. भार झोपलेल्या अवस्थेत किती प्रवाह घेतो तेही याच हिशेबात धरावे.

३. सुरू होण्याचे व्होल्टेज आणि चालत राहण्याचे व्होल्टेज वेगळे धरा

सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा बेस (त्याला चालू-बंद करणारे टोक) ०.६ व्होल्टच्या आसपास जागा होतो. साध्या मॉस्फेटला (गेट या टोकावरच्या व्होल्टेजने चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला) त्याहून जास्त लागते. त्यामुळे ५० मिलिव्होल्ट जोडल्यावर यांपैकी काहीच हलत नाही. एकदा मात्र वरच्या बाजूला तीन व्होल्ट तयार झाले, की तेच परत फिरवून मॉस्फेटचे गेट चालवता येते, आणि मग मूळ स्रोत अगदी खाली गेला तरी सर्किट तग धरते.

म्हणूनच डेटाशीटमध्ये दोन वेगळे आकडे असतात. उदाहरणार्थ, एमसीपी १६४० ही आयसी सुमारे ०.६५ व्होल्टवर सुरू होते आणि पुढे ०.३५ व्होल्टपर्यंत चालत राहते. बीक्यू २५५७० ही सोलर सेलसारख्या स्रोतांसाठी बनवलेली आयसी सुरू व्हायला सुमारे ०.६ व्होल्ट मागते, पण तिच्या साठवणीत (आउटपुटच्या कपॅसिटर किंवा बॅटरीत) पुरेसे व्होल्टेज असेल तर ०.१ व्होल्टवरूनही ऊर्जा खेचते. जाहिरातीत दिसतो तो दुसरा, लहान आकडा. आपला स्रोत शून्यातून सुरू होणार असेल तर आपल्याला पाहायचा असतो पहिला. साठवणीत आधीच भरलेली बॅटरी ठेवणार असाल, तर मात्र ही अट बरीच सैल होते, आणि अनेक प्रकल्पांत हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो.

४. मार्ग निवडा

अर्ध्या व्होल्टच्या वर: जवळजवळ संपलेला पेन्सिल सेल किंवा उन्हातला एक सोलर सेल या गटात येतो. शिकण्यासाठी इथे जूल थीफ या नावाने ओळखले जाणारे सर्किट उत्तम. फेराइट रिंगवर दोन तारा एकत्र धरून दहा-दहा वेढे द्यावेत. एका वाइंडिंगचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडून तो सांधा सेलच्या धन टोकाला न्यावा. उरलेल्या दोन टोकांपैकी एक कलेक्टरला, दुसरे १ किलोओहम रेझिस्टरमधून बेसला. एमिटर ऋण टोकाला. कलेक्टर आणि एमिटर यांच्यामध्ये एलईडी लावला, की सर्किट पूर्ण झाले. दोलन सुरू झाले नाही, तर दहापैकी नऊ वेळा वाइंडिंगची दिशा उलटी असते. एका वाइंडिंगची टोके अदलाबदल करून पाहावीत. एलईडी न लावता हे सर्किट चालू ठेवू नये. भार नसताना कलेक्टरवरचे शिखर कित्येक व्होल्टनी चढते, आणि त्याच वेळी दुसऱ्या वाइंडिंगमुळे बेस तितकाच उलट दिशेने ढकलला जातो. बीसी ५४७ सारख्या ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड उलट दिशेने ६ व्होल्टपर्यंतच सुरक्षित असतो.

पाव व्होल्ट ते अर्धा व्होल्ट: एलटीसी ३१०५ ही आयसी २५० मिलिव्होल्टवर सुरू होते आणि स्रोतावरचे व्होल्टेज आपण ठरवून दिलेल्या बिंदूच्या खाली पडू देत नाही. मंद प्रकाशातल्या एकेरी सोलर सेलसाठी मी हिचीच शिफारस करेन. जर्मेनियम ट्रान्झिस्टर ०.२ ते ०.३ व्होल्टवर जागा होतो, त्यामुळे जूल थीफ इथपर्यंत खाली आणता येतो. परंतु जर्मेनियमची गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते, म्हणून कायम चालायच्या उपकरणात तो नको.

पाव व्होल्टच्या खाली: इथे सामान्य ट्रान्झिस्टर उपयोगाचा नाही. गेटवर शून्य व्होल्ट असतानाही प्रवाह वाहू देणारा घटक हवा. म्हणजे जेफेट, डिप्लीशन प्रकारचा मॉस्फेट किंवा शून्य थ्रेशोल्डचा मॉस्फेट. त्याच्या ड्रेनमध्ये (प्रवाह आत येण्याच्या टोकावर) ट्रान्सफॉर्मरचे कमी वेढ्यांचे वाइंडिंग ठेवून जास्त वेढ्यांचे वाइंडिंग गेटला जोडले, की प्रवाहात झालेला लहानसा बदल मोठा होऊन गेटवर परत येतो आणि दोलन सुरू होते.

किती व्होल्टवर सुरू होईल, याचा अंदाज सोप्या हिशेबाने येतो. ड्रेनवर इतके कमी व्होल्टेज असताना जेफेटचे व्होल्टेजवर्धन साधारण ड्रेन व्होल्टेज भागिले पिंच-ऑफ व्होल्टेज (गेटवरच्या ज्या व्होल्टेजला प्रवाह पूर्ण बंद होतो ते) एवढेच असते, म्हणजे एकापेक्षा खूप कमी. ही तूट ट्रान्सफॉर्मरच्या गुणोत्तराने भरून काढावी लागते. त्यामुळे किमान व्होल्टेज म्हणजे पिंच-ऑफ व्होल्टेज भागिले वेढ्यांचे गुणोत्तर. पिंच-ऑफ १ व्होल्ट आणि गुणोत्तर २० असेल तर ५० मिलिव्होल्ट, गुणोत्तर १०० असेल तर १० मिलिव्होल्ट. प्रत्यक्षात वाइंडिंगचे रोध आणि गळतीमुळे याच्या दुप्पट किंवा अधिक धरावे. जेफेट निवडताना एकाच क्रमांकाच्या नगांमध्येही पिंच-ऑफ व्होल्टेज कितीतरी वेगळे निघते, हे विसरू नये: जे २०१ साठी डेटाशीट ०.३ ते १.५ व्होल्ट एवढी रुंद मर्यादा देते. दहा नग घेऊन, प्रत्येक मोजून, सर्वांत कमी पिंच-ऑफ असलेला वापरावा.

हीच कल्पना तयार स्वरूपात एलटीसी ३१०८ मध्ये आहे. १ ला १०० गुणोत्तराच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरसोबत ती २० मिलिव्होल्टवर सुरू होते आणि २.३५, ३.३, ४.१ किंवा ५ व्होल्ट यांपैकी एक निवडता येते. त्या गुणोत्तराला तिचा स्रोताच्या बाजूने दिसणारा रोध सुमारे २.५ ओहम असतो, आणि तो आपल्या २ ओहमच्या मॉड्यूलशी चांगला जुळतो. स्रोताचा रोध शेकडो ओहम असेल, तर मात्र हीच आयसी स्रोताला जवळजवळ शॉर्ट करून ठेवते. उष्णता कधी एका तर कधी दुसऱ्या दिशेने वाहणार असेल, तर मॉड्यूलची ध्रुवता उलटते. अशा ठिकाणी दोन्ही ध्रुवतांवर ३० मिलिव्होल्टला सुरू होणारी एलटीसी ३१०९ घ्यावी.

५. रोधाचा हिशेब करा

स्वतः बूस्ट कन्व्हर्टर रचायचा असेल, तर ही पायरी टाळता येणार नाही. आदर्श सूत्रानुसार स्विच जितका जास्त वेळ चालू, तितके व्होल्टेज जास्त. प्रत्यक्षात इंडक्टर, स्विच, तारा आणि स्रोत यांच्या एकत्रित रोधामुळे वाढीला कमाल मर्यादा येते: भाराचा रोध भागिले एकत्रित रोध, त्याचे वर्गमूळ, त्याच्या निम्मे.

आपल्या उदाहरणात ०.१ व्होल्टवरून ३.३ व्होल्ट हवेत, म्हणजे ३३ पट (स्रोताचा रोध या हिशेबात वेगळा धरला आहे, म्हणून इथे मोकळ्या टोकांचा आकडा घेतला). स्रोताचे २ ओहम आणि इंडक्टर व स्विच मिळून ०.१ ओहम धरले, तर भाराचा रोध किमान ९१४८ ओहम हवा, आणि ३.३ व्होल्टवर त्याचा अर्थ जास्तीत जास्त १.१९ मिलिवॉट. पहिल्या पायरीतल्या सूत्रात २.१ ओहम घालून पाहा, उत्तर तेच येते. स्विचचा चालू काळ या बिंदूच्या पुढे वाढवत नेला, तर व्होल्टेज वाढण्याऐवजी कोसळते. नियंत्रण आपोआप चालणारे असेल तर ते या उतारावर अडकून बसते, म्हणून चालू काळाला वरची मर्यादा घालावीच लागते.

स्विच चालवण्याचा खर्चही याच ठिकाणी पाहावा. गेटचा विद्युतभार १० नॅनोकूलंब असलेला मॉस्फेट ३.३ व्होल्टने ५० किलोहर्ट्झवर चालवला, तर गेटच १.६५ मिलिवॉट खातो. संपूर्ण स्रोताहून जास्त. ५ किलोहर्ट्झवर तोच खर्च ०.१६५ मिलिवॉटवर येतो. एका आवर्तनात स्विच जवळजवळ २०० मायक्रोसेकंद चालू राहतो, आणि ५० मिलिव्होल्टवर २२० मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरमध्ये प्रवाह सुमारे ४५ मिलिअँपिअरपर्यंत चढतो. त्याची सरासरी आपल्याला हव्या असलेल्या २५ मिलिअँपिअरच्या जवळ येते. नेहमीच्या कन्व्हर्टरमध्ये वेग वाढवून इंडक्टर लहान करण्याची सवय असते; इथे ती सोडावी लागते.

६. घटक निवडा

इंडक्टर किंवा ट्रान्सफॉर्मर घेताना कमी वेढ्यांच्या बाजूचा रोध सर्वप्रथम पाहावा. ०.१ ओहम चांगला. १ ओहम असेल तर मॉड्यूलची निम्मी शक्ती बाहेर येण्याआधीच अडचणीत येते.

डायोडची मात्र गरजेपेक्षा जास्त काळजी केली जाते. वरच्या बाजूला ३.३ व्होल्ट असताना शॉट्की डायोडचे ०.३ व्होल्ट म्हणजे आठ-नऊ टक्के तोटा, तो सोसता येतो. खालच्या बाजूला मात्र ५ मिलिव्होल्ट गमावले तरी दहा टक्के गेले. मेहनत आणि पैसा दोन्ही खालच्या बाजूला खर्च करावेत. डायोड निवडताना उलट दिशेची गळती पाहावी. मोठ्या प्रवाहाचे शॉट्की डायोड उष्ण जागी साठवण उलटी रिकामी करतात.

७. जोडणी

ब्रेडबोर्ड वापरू नये. तिच्या संपर्कांचा रोध प्रत्येक वेळी वेगळा असतो आणि दोन-चार सांधे मिळून इंडक्टरपेक्षा जास्त होतो. स्रोतापासून इंडक्टर आणि स्विचपर्यंतचा मार्ग आखूड, जाड तारेचा आणि सोल्डर केलेला असावा. इनपुटला, अगदी सर्किटजवळ, कमी अंतर्गत रोधाचा १०० ते २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा; नाहीतर स्विचचे झटके थेट स्रोताच्या रोधावर आदळतात.

८. कृत्रिम स्रोतावर चाचणी घ्या

खरे मॉड्यूल लगेच जोडू नये, कारण तापमान हलत असताना दोष कुठे आहे हे समजत नाही. सप्लायच्या टोकांवर २२ आणि २.२ ओहमचे रेझिस्टर एकापुढे एक जोडावेत आणि २.२ ओहमच्या दोन टोकांवरून सर्किटला वीज द्यावी. सप्लायवर १.१ व्होल्ट ठेवले, की सर्किटला बरोबर ०.१ व्होल्टचा आणि २ ओहम अंतर्गत रोधाचा स्रोत दिसतो. सप्लायचा आकडा अकराने भागला की मोकळ्या टोकांचे व्होल्टेज मिळते, त्यामुळे सुरू होण्याचा बिंदू सावकाश शोधता येतो. प्रत्येक प्रयत्नाआधी साठवणीचा कपॅसिटर पूर्ण रिकामा करावा. त्यात उरलेले अर्धे व्होल्टही सर्किट खोट्या सहजतेने सुरू करून देतात.

प्रवाह मोजताना मल्टिमीटर मिलिअँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून मध्ये जोडू नये. त्याच्या आतला रोध आणि फ्यूज मिळून एक-दोन ओहम सहज होतात. २५ मिलिअँपिअरला २५ ते ५० मिलिव्होल्ट मीटरमध्येच पडतात आणि चांगले सर्किट बंद पडलेले दिसते. ०.१ ओहमचा रेझिस्टर कायमचा सोल्डर करून त्याच्या टोकांवरचे व्होल्टेज वाचावे. २५ मिलिअँपिअरला तिथे २.५ मिलिव्होल्ट दिसतील.

९. साठवण आणि भार जोडा

एका संदेशाला ३ मिलिज्यूल लागतात. कपॅसिटर ३.३ वरून २.२ व्होल्टपर्यंत रिकामा होऊ दिला, तर १००० मायक्रोफॅरडमधून जेमतेम ३ मिलिज्यूल मिळतात. २२०० मायक्रोफॅरडमधून साडेसहाच्या वर. दुसरा घ्यावा, पण त्याची गळती मोजून. अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून १०० मायक्रोअँपिअर जरी गळत असतील, तरी ३.३ व्होल्टवर ते ०.३३ मिलिवॉट होतात, म्हणजे आपली जवळजवळ सगळी कमाई. बराच काळ वापरात नसलेला कपॅसिटर सुरुवातीला जास्त गळतो. त्याला काही तास व्होल्टेजवर ठेवून मगच मोजावे.

भार थेट साठवणीला जोडू नये. व्होल्टेज इतक्या सावकाश चढते, की मायक्रोकंट्रोलर एक व्होल्टच्या आसपास अर्धवट जागा होतो, काही करत नाही पण प्रवाह घेत राहतो, आणि साठवण त्या पातळीच्या वर कधी जातच नाही. मध्ये व्होल्टेज पाहणारा स्विच असावा, जो ३.२ व्होल्टला भार जोडतो आणि २.२ व्होल्टला तोडतो. या दोन पातळ्यांमध्ये पुरेसे अंतर नसेल, तर भार सतत जोडला-तोडला जाईल. एलटीसी ३१०८ मध्ये आउटपुट तयार झाल्याचे सांगणारी पिन असते. तिचा उपयोग करून हे काम कमी घटकांत होते.

शेवटी खरे मॉड्यूल जोडून दोन टोकांच्या परिस्थितीत तपासावे. सर्वांत कमी तापमानफरकावर, साठवण रिकामी ठेवून, सर्किट आपोआप सुरू होते का ते पाहावे आणि त्याला लागणारा वेळ लिहून ठेवावा. मग सर्वांत जास्त तापमानफरकावर, भार तोडलेला ठेवून, आउटपुट कुठपर्यंत चढते ते पाहावे. स्वतः बांधलेल्या सर्किटमध्ये आउटपुटच्या दोन टोकांमध्ये योग्य व्होल्टेजचा झेनर डायोड (ठरलेल्या व्होल्टेजच्या वर प्रवाह वाहू देणारा) लावावा, कारण स्रोत भरात असताना साठवण भरली की उरलेल्या ऊर्जेला जायला दुसरी वाट नसते. झेनर ठरलेल्या पातळीच्या बराच खाली असतानाच थोडी गळती सुरू करतो, म्हणून ३.३ व्होल्टच्या सर्किटला ३.३ चा नव्हे, तर घटकांची कमाल मर्यादा पाहून ४.७ किंवा ५.१ व्होल्टचा निवडावा, आणि तो लावल्यानंतर कमी तापमानफरकावरची पहिली चाचणी पुन्हा एकदा घ्यावी.